थोडक्यात वाचलेल्यांची वही

तुर्भ्याच्या स्टोअरच्या खिडकीला एक वही टांगली आहे,
सुतळीने, पेनासकट.
पेन तिसऱ्यांदा चोरीला गेलं
तेव्हा मला बरं वाटलं:
म्हणजे वहीपाशी कोणीतरी येतंय.

साहेबांना मुखपृष्ठावर हवं होतं
‘संभाव्य अपघात नोंदवही, नमुना चार’.
मी मार्करने लिहिलं, ‘थोडक्यात वाचलो’.

त्याआधी अकरा वर्षं मी न वाचलेल्यांच्या फायली बघायचे.
सात नगरपालिकांनी मिळून काढलेला विमा निधी.
भिशीच की गं, मी आईला सांगायचे,
फक्त हिच्यात नंबर लागला की कोणी पेढे मागत नाही.
एकाच्या गावात शिडी मोडली
की पुढच्या वर्षी साताही जणांचा हप्ता वाढतो,
आणि साताही जण शिडीला सोडून
हप्त्यावर बोलतात.

एका फायलीला टाचणीऐवजी केसांची पिन होती.
वारस: पत्नी. सहीच्या जागी अंगठा,
शाई इतकी की रेषाच बुडालेल्या.
‘अंगठा अस्पष्ट, परत पाठवावे.’
अक्षर माझं होतं.

बदली मागितली.
तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर,
झाल्यानंतरच्या कामावरून होण्याआधीच्या.

पहिला महिना वही कोरी.
एका पानावर कुणाचा भाजीचा हिशोब:
शेवगा वीस, कोथिंबीर दहा.
दशरथ केणी, मुकादम, म्हणाला,
बाई, मेलो तर तुम्ही लिहिणारच.
वाचलो ते कशाला लिहायचं? वाचलो की घरी जायचं.
आणि लिहिलं, तर पहिला प्रश्न, वर चढलास कशाला?

मग मीच लिहिलं.
‘सव्वातीन वाजता स्टोअरच्या ओल्या लादीवर घसरले. टेबल हाताला लागलं.
लादी पुसणाऱ्याला बोलावू नये. पाणी कुठून येतं ते बघावं.’

चार दिवसांनी, रेवण गायसमुद्रे:
‘मोठ्या शिडीला सातवी पायरी नाही. आम्हाला पाठ आहे.
नव्या पोराला पाठ नव्हती.’

फारूक मुलाणी, दिवाबत्ती:
‘लाईन बंद म्हणून सांगितलं. बंद नव्हती.
आधी उलट्या हाताने शिवायचं, ही अब्बांची सवय.’

पारूबाई, उद्यान विभाग, लिहिलं तिच्या मुलीने:
‘टँकर मागे येत होता. ड्रायव्हरला मी दिसले नाही.
झाडं हिरवी, आमची साडी पण हिरवी.’

आणि घणसोलीचे चौघं, एकाच्याच अक्षरात:
‘चेंबर उघडलं. गॅस मोजायचं मशीन कपाटात,
चावी साहेबांकडे, साहेब मीटिंगला.
तासभर बाजूला बसलो. उतरलो नाही. परत आलो.’
त्याच दिवशी चौघांना मेमो:
काम अपूर्ण ठेवल्याबद्दल.

तो मेमो मागे घ्यायला मला एकोणीस दिवस लागले.
चावीला त्याहून जास्त.
आता ती वहीशेजारी लटकते,
खिळा मी घरून आणला, ठोकला केणीने,
दोनदा स्वतःच्या बोटावर. (तेही त्याने लिहिलं.)

वार्षिक बैठकीत विचारलं, या वहीने वाचवलं किती?
शिड्या बदलल्या, साड्यांवर चमकती जॅकेटं आली,
तो खर्च समोर होता, रुपयांत.
मी म्हटलं, चार माणसं.
कोण चार?
मला बोट दाखवता येईना.
ती चौघं त्या वेळी गेटबाहेर
कटिंग पीत उभी होती
आणि साखर जास्त झाली म्हणून टपरीवाल्याशी भांडत होती.
पुढचा विषय घ्या, अध्यक्ष म्हणाले.

आज सकाळी वहीत नुसता एक अंगठा.
ना नाव, ना जागा, ना वेळ.
ग्रीसचा आहे, म्हणजे वर्कशॉपकडचा.
रेषान् रेष दिसते.

वही सुतळीतून सोडवून घेतली आहे.
एकेकाचा हात बघत चालले आहे,
आणि ज्याला त्याला वाटतंय,
बाई आज भविष्य सांगायला निघाल्या.